पॅरिस ग्रँड स्लॅम: आंतरराष्ट्रीय ज्युदो स्पर्धा पहिल्यांदा पाहणाऱ्यांसाठी

फेब्रुवारीच्या सुरुवातीला, एका शनिवारी आणि रविवारी, पॅरिसच्या बेर्सी भागातील मोठ्या क्रीडागृहात ‘पॅरिस ग्रँड स्लॅम’ ही ज्युदोची आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरते. ही स्पर्धा 1971 साली सुरू झाली आणि 2009 पासून ती आंतरराष्ट्रीय ज्युदो महासंघाच्या ग्रँड स्लॅम मालिकेत गणली जाते. पुरुषांचे सात आणि महिलांचे सात अशा चौदा वजनगटांच्या लढती दोन दिवसांत पार पडतात, आणि त्या दोघांच्याही लढती एकाच दिवशी, एकाच छपराखाली, शेजारशेजारच्या मॅटवर होतात. जपानबाहेर ज्युदोपटूंना जिथे जिंकण्याची सर्वांत जास्त ओढ असते ते मैदान हेच, असे मी खात्रीने म्हणेन.

मी ही स्पर्धा पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला ज्युदोचे नियम वाचून माहीत होते, पण लढत वाचता येत नव्हती. दोन अंगे एकमेकांना भिडत, काहीतरी होई, पंचांचा हात वर जाई आणि सगळे क्रीडागृह उसळे. मला मात्र जे झाले ते झाल्यानंतरच कळे. शेजारच्या खुर्चीवर ज्युदोचा पांढरा पोशाख घालून आलेली आठ-नऊ वर्षांची एक फ्रेंच मुलगी बसली होती. ती प्रत्येक वेळी माझ्या दीड-दोन सेकंद आधी ओरडायची. हे तिला कसे कळते, असे मी खुणेनेच विचारले, तेव्हा तिने स्वतःच्या उजव्या बाहीचे टोक डाव्या मुठीत धरले, जोराने खाली ओढले आणि समोरच्या मॅटकडे बोट दाखवले. ज्युदो पाहताना नजर आधी हातांवर ठेवायची असते, हे मला त्या मुलीने शिकवले. या लेखात जे पुढे येते त्याचा बराचसा भाग त्याच एका गोष्टीभोवती आहे.

तिथे जायचे की घरून पाहायचे

प्रत्यक्ष जायचे असेल तर तयारी नोव्हेंबरमध्येच सुरू करावी. भारतीय पासपोर्टवर फ्रान्सला जाण्यासाठी शेंगेन व्हिसा लागतो. त्याचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान 15 दिवस आधी तो दाखल व्हावा लागतो. सोबत कमीत कमी 30,000 युरोंचे संरक्षण देणारा प्रवास विमाही लागतो. तिकिटे दिवसागणिक वेगळी मिळतात. एकाच दिवसाचे तिकीट घेणार असाल तर आपल्याला कोणते वजनगट पाहायचे आहेत हे आधी ठरवावे. दोन दिवसांच्या स्पर्धेत सर्वसाधारणपणे हलके गट शनिवारी आणि जड गट रविवारी होतात: शनिवारी महिलांचे 48, 52, 57 व 63 किलो आणि पुरुषांचे 60, 66 व 73 किलो, रविवारी महिलांचे 70, 78 व 78 किलोंवरील आणि पुरुषांचे 81, 90, 100 व 100 किलोंवरील. नवख्या प्रेक्षकाला एकच दिवस निवडायचा असेल तर मी शनिवार सुचवेन. हलक्या गटांत हालचाल जास्त आणि फेकाही जास्त पाहायला मिळतात, त्यामुळे डोळ्यांना सराव लवकर होतो.

शार्ल द गोल विमानतळावर उतरल्यास आरईआर ‘बी’ गाडीने शातले स्थानकापर्यंत यावे आणि तिथून मेट्रोची 14 क्रमांकाची गाडी पकडून बेर्सीला उतरावे. 6 क्रमांकाची मेट्रोही त्याच स्थानकावर थांबते. क्रीडागृह स्थानकाला लागूनच आहे. जागा निवडताना अगदी पुढच्या रांगेचा मोह टाळावा. सकाळी अनेक मॅटवर लढती एकाच वेळी चालू असतात आणि पुढच्या रांगेतून फक्त जवळची मॅट दिसते. मधल्या उंचीवरून सगळ्या मॅट नजरेत राहतात आणि मॅटवरचे पायही नीट दिसतात.

घरून पाहणाऱ्यांसाठी महासंघाची ‘ज्युदो-टीव्ही’ ही ऑनलाइन सेवा आहे. हिवाळ्यात पॅरिस आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते, म्हणजे तिथे सकाळी दहाला सुरू झालेली लढत आपल्याकडे दुपारी अडीचला दिसते आणि तिथल्या संध्याकाळच्या पाच वाजताच्या अंतिम सत्रासाठी आपण रात्री साडेनऊला बसायचे असते. घरून पाहण्याचा एक मोठा फायदा असा की फेक पुन्हा संथ गतीने दाखवली जाते. प्रत्यक्ष जाणाऱ्यांनीही आधी घरी दोन-तीन जुन्या स्पर्धांच्या लढती अशा संथ गतीने पाहाव्यात, असे मी आग्रहाने सांगेन.

आदली संध्याकाळ: वजन आणि ड्रॉ

स्पर्धा प्रेक्षकांसाठी शनिवारी सकाळी सुरू होत असली तरी खेळाडूंसाठी ती आदल्या संध्याकाळी वजनकाट्यावरच सुरू झालेली असते. ज्या गटाची लढत दुसऱ्या दिवशी आहे त्या गटाचे अधिकृत वजन आदल्या दिवशी घेतले जाते. वजन झाल्यावर रात्रभरात भरपूर खाऊन-पिऊन कोणी फार जड होऊन मॅटवर येऊ नये, म्हणून सकाळी काही खेळाडूंची अचानक निवड करून पुन्हा वजन केले जाते, आणि तेव्हा ते गटाच्या मर्यादेपेक्षा पाच टक्क्यांहून अधिक भरता कामा नये. म्हणजे 60 किलो गटातील खेळाडूचा काटा सकाळी 63 किलोंच्या पुढे गेला तर त्याला खेळता येत नाही. ज्यांनी तालमीत वजन उतरवणारी मुले पाहिली आहेत त्यांना या नियमाचे मोल समजेल.

ड्रॉ, म्हणजे कोणाची लढत कोणाशी होणार याचा तक्ता, जाहीर झाल्यावर तो जरूर उघडून पाहावा. प्रत्येक गटातील पहिल्या आठ जणांना जागतिक क्रमवारीनुसार मानांकन दिलेले असते, म्हणजे ते उपान्त्यपूर्व फेरीआधी एकमेकांसमोर येत नाहीत. उरलेल्यांची नावे चिठ्ठ्यांप्रमाणे पडतात. तक्त्याचे अ, ब, क, ड असे चार भाग असतात. आपल्याला ज्यांच्यात रस आहे ती पाच-सहा नावे आधी शोधून ठेवावीत आणि त्यांची पहिली लढत कोणत्या मॅटवर, कितवी आहे हे लिहून घ्यावे. ही एवढीशी तयारी केली नाही तर सकाळी चार मॅटवर एकाच वेळी चाललेल्या लढतींत नजर नुसती भिरभिरत राहते. पहिल्या वर्षी माझे तसेच झाले आणि ज्या जपानी खेळाडूसाठी मी गेलो होतो तिची पहिली लढत माझ्या पाठीमागच्या कोपऱ्यात कधी झाली ते मला कळलेच नाही.

तक्त्यात ज्याचे नाव वर असते तो पांढऱ्या पोशाखात खेळतो आणि खाली असलेला निळ्या पोशाखात. पूर्वी दोघेही पांढऱ्यातच असत आणि फक्त कमरेच्या पट्ट्याने त्यांना वेगळे ओळखावे लागे. निळ्या पोशाखाचा प्रस्ताव हॉलंडच्या अँटन गेसिंक यांनी मांडला होता आणि महासंघाने तो 1997 मध्ये स्वीकारला. हे तेच गेसिंक, ज्यांनी 1964 च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये, ज्युदोचा ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा समावेश झाला त्याच वर्षी, खुल्या गटाच्या अंतिम लढतीत जपानच्या अकिओ कामिनागा यांना त्यांच्याच देशात हरवले.

पोशाख हे या खेळाचे अवजार आहे

लढतीआधी प्रत्येक खेळाडूचा ज्युदोगी, म्हणजे जाड सुती अंगरखा, विजार आणि पट्टा, मोजून तपासला जातो. हात समोर ताणून धरले की बाही मनगटापर्यंत आली पाहिजे, बाहीत पुरेशी मोकळी जागा असली पाहिजे, अंगरखा पुरेसा लांब असून समोर नीट एकावर एक आला पाहिजे. नवख्या माणसाला ही काटेकोर तपासणी अनावश्यक वाटण्याची शक्यता आहे. पण कुस्तीत जसे अंगाला तेल लावून आखाड्यात उतरले तर समोरच्याच्या हाती काहीच लागणार नाही, तसे ज्युदोत आखूड किंवा घट्ट बाही घालून आले तर प्रतिस्पर्ध्याला धरायला काही उरणार नाही. ज्युदोत अंग धरण्यापेक्षा कापड धरले जाते, आणि त्या कापडाच्या आधारे समोरच्याचा तोल घालवला जातो. म्हणूनच त्या मुलीने मला बाही ओढून दाखवली होती.

चार मिनिटांत काय पाहावे

लढत पुरुषांची असो वा महिलांची, तिची मूळ वेळ चार मिनिटे असते. पंच ‘हाजिमे’ म्हणतात तेव्हा घड्याळ सुरू होते आणि ‘माते’ म्हणतात तेव्हा थांबते, त्यामुळे प्रत्यक्षात एक लढत सहा-सात मिनिटांपर्यंतही चालू शकते.

पहिले वीस-तीस सेकंद केवळ हात पाहावेत. उजव्या हाताने खेळणाऱ्याला सर्वसाधारणपणे डाव्या हाताने समोरच्याची उजवी बाही आणि उजव्या हाताने त्याची डावी गळपट्टी हवी असते. डावखुऱ्याचे याच्या उलट. दोघेही उजवे असले तर हात समोरासमोर आरशासारखे बसतात. एक उजवा आणि एक डावा असला तर दोघांचे पुढचे हात एकमेकांच्या वाटेत येतात आणि झटापट जास्त होते. जपानीत या दुसऱ्या प्रकाराला ‘केंका-योत्सु’ म्हणतात आणि ‘केंका’ म्हणजे भांडण. प्रत्यक्षात हे दृश्य असे दिसते: निळ्या पोशाखातली खेळाडू डावा हात पुढे करते, बाहीचे टोक चिमटीत धरू पाहते, पांढरी मनगटाला झटका देऊन ते सोडवते, निळी पुन्हा हात टाकते, या वेळी कोपराजवळ, पांढरी एक पाऊल मागे जाते आणि आता तिचा उजवा खांदा जरा पुढे झुकलेला असतो. अजून काहीच घडलेले नाही, गुणफलकावर शून्यच आहे, पण जाणकार प्रेक्षक खुर्चीच्या कडेला सरकलेले असतात, कारण निळीला हवी तशी बाही मिळाली आहे. पुढच्या तीन-चार सेकंदांत तिने ती बाही हातात असताना हल्ला केला तर तो लागण्याची शक्यता मोठी असते, आणि केला नाही तर पांढरी ती पुन्हा सोडवून घेते. हा खेळ पाहण्यातला माझा सर्वांत आवडता क्षण हाच, फेकेच्या आधीचा.

बाहीनंतर नजर कमरेकडे न्यावी. फेक साधण्यासाठी फेकणाऱ्याची कंबर समोरच्याच्या कमरेखाली किंवा अगदी लगत यावी लागते. खांद्यावरून फेकण्याच्या डावाला ‘सेओई-नागे’ म्हणतात. आपल्या तालमीत धोबीपछाड ज्याने पाहिला असेल त्याला तो परका वाटणार नाही. आतून मांडीत पाय घालून उचलण्याचा ‘उची-माता’ हा टांग मारण्याच्या डावाशी नाते सांगतो. ‘ओ-सोतो-गारी’मध्ये बाहेरच्या बाजूने पाय घालून समोरच्याचा पाय कापला जातो. कोल्हापूर, सांगली, पुण्याच्या प्रेक्षकाला या तिन्ही डावांची ओळख लवकर पटेल, मात्र एक गोष्ट तिथे दिसणार नाही: पट काढणे. ज्युदोत हाताने समोरच्याचा पाय पकडणे दंडनीय आहे. एकेकाळी ते चालत असे. 2010 नंतर नियम कडक होत गेले आणि तो डाव स्पर्धेतून गेला. आपल्या कुस्तीप्रेमींना याची हळहळ वाटेल हे मला मान्य आहे, पण त्यामुळेच ज्युदोपटू ताठ उभे राहून खेळतात आणि मोठ्या फेका पाहायला मिळतात.

कुस्तीचा विषय निघाला आहे तर एक नाते सांगितलेच पाहिजे. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी कांस्यपदक मिळवले, हे मराठी माणसाला सांगायला नको. त्याच गटात खाशाबांवर मात करून सुवर्णपदक जिंकणारे जपानचे शोहाची इशी मूळचे ज्युदोपटू होते. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी ताब्यात असलेल्या जपानमध्ये ज्युदोवर बंधने आली तेव्हा ते कुस्तीकडे वळले. आपल्या लाडक्या मल्लाचा सामना त्या दिवशी एका अर्थी ज्युदोशीच झाला होता.

गुण कसे वाचावेत

पंच हात सरळ डोक्यावर उंचावतात तेव्हा तो ‘इप्पोन’, आणि लढत तिथेच संपते. त्यासाठी फेक पूर्ण वेगाने आणि जोराने झालेली असावी, प्रतिस्पर्धी पाठीवर पडलेला असावा आणि फेकणाऱ्याचा ताबा शेवटपर्यंत टिकलेला असावा. कुस्तीत चितपट झाल्यावर जसा निकाल लागतो तसाच. हात खांद्याच्या रेषेत आडवा गेला तर ‘वाझा-आरी’, म्हणजे फेक चांगली पण या अटींपैकी काही कमी पडले, बहुधा प्रतिस्पर्धी पाठीऐवजी कुशीवर पडला. दोन वाझा-आरी मिळून एक इप्पोन होतो. हात शरीरापासून थोडासा खाली तिरका गेला तर ‘युको’, सर्वांत लहान गुण. हा युको 2017 मध्ये काढून टाकण्यात आला होता आणि 2025 पासून तो परत आला आहे, त्यामुळे मधल्या वर्षांतल्या जुन्या लढती पाहिल्यास तो दिसणार नाही. युको कितीही जमवले तरी त्यांचा वाझा-आरी होत नाही. एक वाझा-आरी साऱ्या युकोंवर भारी पडतो. गुणफलकावर सर्वांत मोठ्या गुणापासून डावीकडून उजवीकडे वाचत गेले की कोण पुढे आहे ते लगेच कळते.

लढत जमिनीवर गेली की पंच खाली वाकून ‘ओसाएकोमी’ म्हणतात, आणि एक वेगळे घड्याळ सुरू होते. प्रतिस्पर्ध्याला पाठीवर दाबून 5 सेकंद धरले तर युको, 10 सेकंदांना वाझा-आरी आणि 20 सेकंदांना इप्पोन. खालच्याने पायांनी वरच्याचा पाय अडकवला किंवा तो निसटला तर ‘तोकेता’ म्हणून मोजणी थांबते. सांध्याला पीळ देण्यात फक्त कोपराचा सांधा चालतो. पकड बसली की खालचा खेळाडू दोनदा थाप मारतो आणि हार मानतो. नवखे प्रेक्षक बहुतेक वेळा जमिनीवरची झुंज सुरू झाली की मोबाइल काढतात. कृपया असे करू नये, कारण फेक अर्धवट लागली आणि त्यातून ओसाएकोमी मिळवली, अशा लढतींचे निकाल तिथेच लागतात.

पिवळी कार्डे म्हणजे ‘शिदो’, अर्थात ताकीद. पकड टाळणे, कमरेतून वाकून नुसता बचाव करत राहणे, डाव टाकल्याचा आव आणणे, उगाच मॅटबाहेर जाणे यांसाठी शिदो मिळतो, आणि तिसरा शिदो मिळाला की खेळाडू बाद होतो. चार मिनिटांत निकाल लागला नाही तर ‘गोल्डन स्कोअर’ सुरू होतो. त्याला वेळेची मर्यादा नाही. ज्याला आधी गुण मिळेल, किंवा ज्याच्या प्रतिस्पर्ध्याला तिसरा शिदो बसेल, तो जिंकतो. म्हणून चौथ्या मिनिटाला दोघांच्याही नावावर दोन-दोन शिदो असतील तर ती लढत सोडून दुसरी पाहायला जाऊ नये.

एक गोष्ट सुरुवातीला गोंधळात टाकते. पंचांनी दिलेला गुण काही सेकंदांनी बदलतो, कधी रद्दही होतो. मॅटवर एकच पंच असतात, पण टेबलाशी बसलेले दुसरे पंच चित्रीकरण पाहत असतात आणि कानातल्या यंत्रातून त्यांना कळवतात. प्रशिक्षक मॅटच्या कडेला खुर्चीवर बसतात आणि ‘माते’ झाल्यावरच त्यांना बोलण्याची मुभा असते. खेळ चालू असताना ते ओरडत राहिले तर त्यांना खुर्ची सोडावी लागते.

हरल्यानंतरचा रस्ता: रेपेचेज

पहिल्या फेऱ्यांत हरलेला खेळाडू स्पर्धेतून बाहेर जातो. उपान्त्यपूर्व फेरीत हरलेल्या चौघांना मात्र आणखी एक संधी असते, आणि तिलाच रेपेचेज म्हणतात. त्या चौघांच्या दोन लढती होतात. त्यातले दोन विजेते, उपान्त्य फेरीत हरलेल्या दोघांशी, तक्त्याच्या समोरच्या बाजूला जाऊन कांस्यपदकासाठी खेळतात. म्हणून प्रत्येक गटात एक सुवर्ण, एक रौप्य आणि दोन कांस्य, अशी चार पदके दिली जातात. चौदा गटांची मिळून छप्पन्न. ग्रँड स्लॅममध्ये विजेत्याला 1000, उपविजेत्याला 700 आणि कांस्यपदकाला 500 क्रमवारी गुण मिळतात, आणि 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठीची पात्रता अशाच गुणांवर ठरणार असल्याने कांस्यपदकाची लढतही जीव तोडून खेळली जाते. दुपारच्या मधल्या वेळेत रेपेचेज सुरू झाल्यावर अनेक प्रेक्षक जेवायला बाहेर जातात. ही लढत मी सहसा चुकवत नाही. सकाळी हरलेला खेळाडू तासाभरात पुन्हा कसा उभा राहतो, हे तिथेच दिसते.

महिलांच्या लढतींबद्दल

महिलांना या मॅटवर येण्यासाठी फार वाट पाहावी लागली. जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये टोकियोत कोदोकान ही शाळा स्थापन करून ज्युदोचा पाया घातला आणि पुरुषांची पहिली जागतिक स्पर्धा 1956 मध्ये झाली. महिलांची पहिली जागतिक स्पर्धा व्हायला मात्र 1980 साल उजाडले. ती न्यूयॉर्कमध्ये भरवण्यामागे रस्टी कानोकोगी या अमेरिकन ज्युदोपटूचा सर्वांत मोठा वाटा होता. 1959 मध्ये न्यूयॉर्क राज्यातील एका स्पर्धेत त्या पुरुषाच्या वेशात खेळून जिंकल्या होत्या, आणि त्या स्त्री असल्याचे कळल्यावर त्यांना पदक परत करावे लागले होते. ऑलिंपिकमध्ये महिलांचा ज्युदो 1988 मध्ये सोलला प्रदर्शनीय स्वरूपात झाला आणि पदकांचा खेळ म्हणून 1992 मध्ये बार्सिलोनात आला.

बेर्सीत आज महिलांच्या लढतींना होणारा जल्लोष पुरुषांच्या तोडीचा असतो, आणि त्यामागे क्लारिस आग्बेन्येनू हे एक मोठे कारण आहे. 63 किलो गटातील या फ्रेंच खेळाडूने सहा वेळा जागतिक विजेतेपद मिळवले आहे. 2016 च्या रिओ ऑलिंपिकच्या अंतिम लढतीत स्लोव्हेनियाच्या तिना त्रस्तेन्याकने तिला हरवले. पाच वर्षांनी टोकियोत अंतिम लढतीत त्याच दोघी समोरासमोर आल्या आणि आग्बेन्येनूने सुवर्णपदक जिंकले. 2022 मध्ये ती आई झाली आणि 2023 मध्ये पुन्हा जागतिक विजेती. लढत वाचायला शिकणाऱ्याने तिच्या जुन्या लढतींमध्ये तिचे हात पाहावेत. हवी ती पकड मिळेपर्यंत ती घाई करत नाही.

कोणाला पाहावे, आणि भारतीयांना कुठे शोधावे

बेर्सीत टेडी रायनर हे नाव ऐकल्याशिवाय दिवस जात नाही. ग्वादलूप बेटावर जन्मलेल्या या सर्वांत जड गटातल्या खेळाडूकडे वैयक्तिक आणि सांघिक मिळून पाच ऑलिंपिक सुवर्णपदके आहेत. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मिश्र सांघिक अंतिम सामना जपानशी तीन-तीन असा बरोबरीत आला, निर्णायक लढतीचा गट चिठ्ठीने ठरला, तो नेमका जड गटाचा निघाला, आणि रायनरने तात्सुरू साइतोला हरवून फ्रान्सला सुवर्ण मिळवून दिले. पण ग्रँड स्लॅम पाहणाऱ्याने रायनरची एक हार आवर्जून शोधून पाहावी. सप्टेंबर 2010 नंतर सलग 154 लढती जिंकलेला हा माणूस फेब्रुवारी 2020 मध्ये याच पॅरिस ग्रँड स्लॅममध्ये, स्वतःच्या प्रेक्षकांसमोर, जपानच्या कोकोरो कागेउराकडून गोल्डन स्कोअरमध्ये हरला. रायनरने डाव टाकला आणि कागेउराने तोच उलटवला. ती लढत संथ गतीने पाहिली तर ताकदीपेक्षा वेळ साधणे किती मोठे असते ते दिसते.

भारतीय खेळाडू ग्रँड स्लॅममध्ये बहुधा पहिल्या फेऱ्यांत दिसतात, म्हणून त्यांना पाहायचे तर सकाळी लवकर जागेवर असणे भाग आहे. तक्त्यात देशाची ‘आयएनडी’ ही तीन अक्षरे शोधावीत. खेळाडूच्या पाठीवरच्या पट्टीवरही आडनावाखाली तीच असतात. मणिपूरच्या सुशीला देवी यांनी 48 किलो गटात 2014 आणि 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धांत रौप्यपदक मिळवले आणि त्या टोकियो ऑलिंपिकमध्येही खेळल्या. 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत 78 किलोंवरील गटात तुलिका मान हिने रौप्यपदक जिंकले आणि ती पॅरिस ऑलिंपिकलाही पोहोचली. त्याच वर्षी मणिपूरच्याच लिंथोई चनंबम हिने सारायेव्होत कॅडेट, म्हणजे किशोर गटाची जागतिक स्पर्धा जिंकली. कोणत्याही वयोगटात जागतिक ज्युदो स्पर्धेत भारताला मिळालेले ते पहिले पदक. 2024 च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये कपिल परमार यांनी दृष्टिबाधितांच्या ज्युदोत कांस्यपदक मिळवले.

अंतिम सत्र

संध्याकाळचे सत्र सुरू होण्याच्या अर्धा तास आधी आपल्या जागेवर यावे. आता एकाच वेळी अनेक लढती चालत नाहीत, दिवे मॅटवर एकवटलेले असतात आणि सकाळी खेळाच्या पोशाखात असलेले प्रशिक्षक आता सूट घालून येतात. प्रत्येक गटात आधी कांस्यपदकांच्या लढती आणि मग अंतिम लढत होते. सकाळी जी नावे लिहून ठेवली होती त्यांपैकी कोण उरले ते पाहावे, आणि ज्या खेळाडूच्या चार लढती आपण सकाळपासून पाहिल्या आहेत तिच्या अंतिम लढतीत आता सुरुवातीपासून फक्त हात पाहावेत. सकाळी तिला कोणती बाही हवी होती हे आपल्याला माहीत झालेले असते. प्रतिस्पर्ध्यानेही ते पाहिलेले असते, आणि म्हणून ती बाही या वेळी सहज मिळत नाही.

लढत संपल्यावर दोघेही पट्टा नीट बांधून, अंगरखा सावरून, समोरासमोर उभे राहून वाकून नमस्कार करतात. तो होईपर्यंत जागेवरून उठू नये. बेर्सीतले प्रेक्षकही उठत नाहीत. त्यानंतर पदकांचा कार्यक्रम होतो, व्यासपीठावर चार जण उभे राहतात, आणि फ्रेंच खेळाडू जिंकलेला असेल तर राष्ट्रगीत सगळे क्रीडागृह गाते. बाहेर पडताना मेट्रोच्या जिन्यावर मोठी गर्दी होते, म्हणून परतीचे तिकीट सकाळीच काढून ठेवावे आणि रात्रीची गाडी किंवा विमान गाठायचे असेल तर मध्ये किमान दोन तास तरी मोकळे ठेवावेत.